चार नंबरची पिशवी

पहाटे पावणेपाच वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर पंधरा पिशव्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, राखाडी, जाड कापडाच्या, वरून चेन असलेल्या. सहा बाबांच्या आणि नऊ तिच्या. बाबांच्या पिशव्यांवर काळ्या शाईने एक ते सहा आकडे घातलेले होते, तिच्या पिशव्यांवर एक ते नऊ, त्याच शाईने. शेजारी एक वही, वहीला सुतळीने बांधलेलं पेन, रक्तदाब मोजायचं यंत्र, पाण्याच्या दोन बाटल्या आणि अर्धा टोस्ट. टोस्ट दादाचा होता. दोन दिवस बाबांना सांभाळायला म्हणून तो आदल्या संध्याकाळी बायकोला घेऊन आला होता. आल्या आल्या त्याने टोस्ट खायला घेतला, मध्येच काहीतरी आठवलं म्हणून खाली ठेवला, आणि तो तसाच राहिला. दादाचं सगळं असंच, असं तिचं मत होतं.

पिशवीवर आत काय आहे ते लिहायचं नाही, फक्त आकडा घालायचा, ही तिची कामावरची सवय. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती आठ वर्षं होती. तिथे बाटली येते ती नुसता नंबर घेऊन येते. पाणी धरणातलं आहे की कुणाच्या गच्चीवरच्या टाकीतलं, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. ते पलीकडच्या खोलीतल्या रजिस्टरमध्ये असतं. कळलं की माणूस नकळत एका बाजूला झुकतो, आणि आकडा त्याच्यामागे जातो. आठ वर्षांत ही सवय घरीही आली होती. डाळी-तांदळाच्या डब्यांनासुद्धा नंबर होते. "तुमच्या घरी मीठ हवं तर आधी वही शोधावी लागते," असं वहिनी म्हणायची, आणि खरोखरच शोधायची.

"दादा, इकडे लक्ष दे. चार नंबर सगळ्यांत महत्त्वाची. झटक्यांच्या गोळ्या. सकाळी आठ, रात्री आठ. आठ म्हणजे आठ."

"आठ म्हणजे आठ," दादा जांभई देत म्हणाला. तो बनियनवर उभा होता, डोळे अर्धे मिटलेले. "सव्वाआठला दिली तर पोलीस येतात का?"

"चेष्टा नकोय. गेल्या वर्षी तू सकाळची गोळी रात्री दिलीस आणि रात्रीची सकाळी."

"अगं, दोन्ही पांढऱ्या होत्या!"

"म्हणूनच नंबर घातलेत."

"बरं बाई शहाणे. जा आता. डोंगर तुझी वाट बघत खोळंबलाय."

तिने बाबांच्या सहा पिशव्या कपाटाच्या खालच्या फळीवर ओळीने मांडल्या, आपल्या नऊ पाठपिशवीत भरल्या. दिवा एकच लावला होता, बाबांची झोप मोडू नये म्हणून. दादा काहीतरी विचारत होता, गरम पाण्याच्या नळाबद्दल. खालून गाडीचा हॉर्न वाजला.

जाताना ती बाबांच्या खोलीत डोकावली. बाबा जागेच होते. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू अर्धीमुर्धीच ऐकायची आणि शब्द कधी सापडायचे, कधी नाही. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. तीस-तीस थांब्यांची नावं एका दमात घेणारा माणूस आता 'चादर' म्हणायला थांबत होता. मधल्या काळात दोनदा अंगाला झटके येऊन गेले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एक वेळची गोळी चुकली तर बघू काय ते. लागोपाठ दोन मात्र चुकवू नका." तेव्हापासून तिने एकही चुकवली नव्हती. प्रयोगशाळेतून दुपारी धावत येऊन बाबांना भरवायचं, परत जायचं, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. दिवसभर अंगात जी पेंग असायची ती रात्री पाठ टेकली की पळून जायची. कानच झोपायला तयार नव्हते.

"येते बाबा. उद्या संध्याकाळी परत."

बाबांनी डावा हात थोडा उचलला. बसला घंटी देतात तसा.

गाडी मास्तरची होती. मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. मागच्या सीटवर सिस्टर, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स. तिघं शाळेपासूनचे. शाळेच्या प्रयोगशाळेत ती बिस्किटसुद्धा चिमट्याने उचलून खायची, त्यावरून तिचं नाव चिमटी पडलं ते पडलंच. पूर्वी तिघं दरवर्षी कुठला ना कुठला डोंगर चढायचे. गेल्या वर्षी मास्तर शाळेची मुलं घेऊन या शिखरावर आला होता, चिमटी मात्र कुठेच गेली नव्हती. यंदा सिस्टरनेच तिला धरून ओढलं होतं. "दोन दिवस आली नाहीस तर माझ्या वॉर्डात भरती करीन," ती म्हणाली होती, "तिथे तुझ्या नाकातोंडात नळ्या घालायची मुभा आहे मला."

"झोप काढ," आता सिस्टर म्हणाली. "अडीच तास आहेत."

"हो," चिमटी म्हणाली आणि अडीच तास खिडकीबाहेर बघत राहिली.

शेवटच्या घाटाच्या आधीच फोनचं नेटवर्क गेलं. पायथ्याशी गाडी लावून चालायला लागले तेव्हा आठ वाजत होते. तिने घड्याळ पाहिलं. आत्ता देत असेल. आठ-दोनला पुन्हा पाहिलं. दिली असेल.

चढ सरळ होता आणि लांब. मास्तरच्या मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ होतं आणि दर शंभर मीटरला ते जाहीर करायची त्याला हौस होती. पहिले तीन-चार आकडे ऐकून दोघी हसल्या. मग नुसतं ऐकलं. मग सिस्टर म्हणाली, "मास्तर, तास संपला. बंद करा." झाडं मागे पडली. नंतर नुसतं गवत आणि दगड. चिमटीच्या पाठीवर अकरा किलो होते, तिने घरी तोलून घेतलेले, पण दुपारपर्यंत त्या अकराचे किती झाले ते कुठल्या काट्यावर दिसलं नसतं. तिच्या मांड्या थरथरत होत्या. तिला भूक नव्हती, धाप लागली होती तीसुद्धा कुणा दुसऱ्याला लागल्यासारखी वाटत होती. फक्त पुढचा दगड दिसायचा. पाय तिथे ठेवायचा. मग पुढचा.

अडीच वाजता ते खिंडीत पोचले. दोन उतारांच्या मधली सपाट जागा, एक झरा, आधीच्या कुणी तरी रचून ठेवलेली दगडांची कमरेइतकी भिंत. रात्री इथे राहायचं, पहाटे शिखर करायचं आणि दुपारपर्यंत खाली, असा बेत होता. मास्तर तंबू उभारायला लागला. सिस्टरने बूट काढला आणि टाच बघून एक चांगली शिवी दिली. रुपयाएवढा फोड आला होता.

"पट्टी काढ गं. कितव्या नंबरात आहे?"

"चार," चिमटी म्हणाली. तिने पाठपिशवीत हात घालून चार नंबर काढली, चेन उघडली.

आत गोळ्यांची पाकिटं होती. चौदा गोळ्या. एका आठवड्याच्या.

ती तशीच बसून राहिली. पिशवी मांडीवर, चेन उघडी.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"दोन चार आहेत," चिमटी म्हणाली.

"दोन चार काय?"

"दोन चार नंबर. एक त्यांची, एक माझी. मी दोन्ही याद्या एकपासून सुरू केल्या." तिचा आवाज सपाट होता, कामावर चुकलेला निकाल वाचून दाखवताना असायचा तसा. "बाबांची माझ्याकडे आलीय. माझी तिथे फळीवर आहे. दादाने आठ वाजता उघडली असेल. आत फोडाच्या पट्ट्या, गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि दुखण्याचा फवारा."

मास्तर तंबूची काठी हातात घेऊन उभा होता. त्याच्या ओठांवर आलेला विनोद त्याने गिळला, ते दिसलं.

"म्हणजे सकाळची गेली," सिस्टर म्हणाली.

"गेली. आणि आज रात्रीची आठची गेली तर लागोपाठ दोन."

"अगं, पण दादाला पिशवीत पट्ट्या दिसल्यावर कळेल ना? आंधळा आहे का तो?"

"दोन्ही पांढऱ्या होत्या म्हणून उलटसुलट देणारा माणूस आहे तो. चार नंबरात गोळी दिसली नाही तर पाच नंबरची देईल. किंवा 'ती येईल तेव्हा बघू' म्हणेल." ती उठली. "मी खाली जाते."

"बस," सिस्टर म्हणाली. "आधी हिशेब कर. तुझा आवडता विषय आहे."

मास्तरने हिशेब केला. खाली गाडीपर्यंत पाच तास, या पायांनी. तिथून नेटवर्क येईपर्यंत गाडीने पाऊण तास. आत्ता पावणेतीन. "साडेआठ होतील. शेवटचा तास-दीड तास अंधारात. आणि वर..." त्याने मान वळवली. शिखर खिंडीच्या डाव्या हाताला होतं, काळपट, टोकाला थोडं ढगात. "वर पाचशे वीस मीटर. दोन तास, फार तर अडीच. मागच्या वर्षी वरूनच मी शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. समोरच्या डोंगरावर टॉवर आहे."

"नक्की?"

"मुख्याध्यापिकाबाईंनी त्यावर अंगठा दिला होता. त्याहून पक्का पुरावा माझ्याकडे नाही."

चिमटीने पिशवीची चेन लावली. तंबू घाईने उभा करून ओझी त्यात टाकली, एक बाटली, फोन, एक बॅटरी आणि तिघांचे जाड कोट घेतले. सिस्टरने टाचेखाली रुमालाची घडी ठेवून वर दोन मोजे चढवले.

"तू थांब इथे," चिमटी म्हणाली. "फोड फुटेल."

"फुटू दे. मला काय त्यात पाणी घालून झाड लावायचंय?"

शिखराची वाट म्हणजे वाट नव्हती. सुटे दगड होते, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरणारे. ती मगाशी थकली होती ती थकण्याची फक्त ओळख होती, असं आता तिला वाटलं. तिने वीस पावलं मोजायची, थांबायचं, दहा श्वास मोजायचे असं ठरवलं. पुढे पंधरा पावलं झाली. पुढे दहा. डोक्यात मात्र एक यादी चालू होती. एक, दादाला कळलं आणि त्याने काहीतरी केलं. दोन, कळलं, पण काही केलं नाही. तीन, कळलंच नाही. चार, चुकीचं काही दिलं. प्रत्येक शक्यतेला किती गुण द्यावेत ते ठरवता येईना, कारण हातात एकही निरीक्षण नव्हतं. गेल्या वर्षीचं एक होतं, पांढऱ्या गोळ्यांचं. एका निरीक्षणावरून रेषा काढायची नसते, हे तिनेच नव्या मुलींना शिकवलं होतं.

एका मोठ्या दगडाला टेकून ती थांबली. मास्तर बराच वर गेला होता. सिस्टर मागून लंगडत आली.

"पाणी पी."

"नको."

"पी म्हणते ना. वॉर्डात माझं मोठमोठे सर्जन ऐकतात."

ती प्यायली. मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली, "मगाशी, पिशवी उघडली तेव्हा, मला एक विचार आला."

सिस्टर शेजारच्या दगडावर टेकली.

"आधी भीती नाही वाटली. सगळ्यांत आधी वाटलं, की काही झालं असेल, अगदी वाईटातलं वाईट, तर आता मला झोपता येईल." झाकण वाकडं बसत होतं. तिने ते काढून पुन्हा लावलं. "एक सेकंद. मग भीती वाटली. पण आधी ते."

"येतो तो विचार," सिस्टर म्हणाली. "आमच्या वॉर्डाबाहेर एक बाक आहे. त्याच्यावर दहा दिवस बसलेल्या प्रत्येक माणसाला येतो. बायकांना, मुलांना, सगळ्यांना. मला येऊन सांगतात, आणि मग माझ्याकडे असं बघतात की मी आता त्यांना शिक्षा करणार."

"मग तू काय करतेस?"

"चहा कुठे मिळतो ते सांगते. चल. माझ्या टाचेत आता पाणी नाही, कालवा आहे."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ते माथ्यावर पोचले. मास्तर आधीच पोचून हात उंच करून फोन धरून उभा होता, दिव्याच्या खांबासारखा. माथा म्हणजे एका मोठ्या खोलीएवढी जागा, मध्ये सिमेंटचा बुटका चौथरा, चारी बाजूंनी वारा. ढग खाली उतरले होते. चिमटीने यातलं काही पाहिलं नाही. तिने फोन काढून चौथऱ्यावर ठेवला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेघेकडे बघत बसली.

एक रेघ आली. गेली. पुन्हा आली. आणि फोन थरथरायला लागला. एकामागून एक निरोप येऊन पडत होते. चुकलेले कॉल. दादा. दादा. दादा. दादा.

"किती आहेत?" मास्तरने विचारलं.

"अकरा." तिने वेळा वाचल्या. पहिला आठ सतरा. मग आठ एकोणीस, आठ वीस, आठ चोवीस. शेवटचा नऊ वाजून दोन मिनिटांनी. त्यानंतर एकही नाही. सकाळच्या नऊपासून संध्याकाळच्या पावणेसहापर्यंत, एकही नाही.

ती त्या नऊ-दोनकडे बघत राहिली. मास्तर आणि सिस्टर दोघंही वाकून बघत होते, आणि तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती, ती कुणी बोललं नाही. काम झालं की माणूस फोन करायचा थांबतो. आणि फोन करण्यात काही अर्थ उरला नाही की तेव्हाही थांबतो. आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. दोनदा वाजून तुटला. तिसऱ्यांदा लावताना तिचा अंगठा दादाच्या नावावर बसेना. सिस्टरने तिच्या हातातून फोन घेतला, लावला आणि तिच्या कानाला धरला.

"हॅलो?" वहिनी होती. कुजबुजत. "हॅलो, कोण? थांबा, मी बाहेर येते."

"वहिनी, काय झालंय? मोठ्याने बोला ना."

"अगं, मोठ्याने कसं बोलू, दोघं झोपलेत."

"दोघं कोण?"

"कोण म्हणजे? बाप-लेक. बाबा पलंगावर आणि हे खाली सतरंजीवर. दुपारपासून घोरतायत. बाबांचं घोरणं यांच्यापेक्षा सुरात आहे."

चिमटी चौथऱ्याला पाठ लावून खाली बसली. बसली म्हणजे घसरली. "गोळी," ती म्हणाली. "वहिनी, गोळी."

"दिली की. नऊ वाजून पाच मिनिटांनी. वहीत लिहिलंय त्यांनी." मग दार वाजल्याचा आवाज आला आणि दादाचा जाड, झोपेतला आवाज. "कोण, शहाणी का? दे इकडे."

"दादा."

"काय गं, बाबांच्या गुडघ्याला पट्टा बांधायचा होता का मला? आठ वाजता चार नंबर उघडली, बघतो तर फोडाच्या पट्ट्या! हिला म्हटलं, ही बाबांना डोंगरावर पाठवायला निघाली होती की काय."

"मग काय केलंस?"

"काय करणार? तुला फोन लावला. लागेना. तुझी वही काढली, त्यात गोळीचं नाव होतं, केवढं लांबलचक. हिने फायलीतून डॉक्टरांची चिठ्ठी शोधली. कोपऱ्यावरचं दुकान बंद, म्हणून पुलापलीकडच्या दुकानात गेलो. चार गोळ्या आणल्या. नऊ-पाचला दिली. दुकानदाराला विचारलं, तासभर उशीर झाला तर चालतं का. डॉक्टरांच्या दवाखान्यात पण फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, रात्रीची वेळेवर द्या. बस्स."

"मग नंतर फोन का नाही केलास? नऊनंतर?"

"झालं ना काम. मग कशाला करू?"

दादा लिफ्टचा मेकॅनिक होता. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि ही गोष्ट तिने कधी नीट ऐकून घेतली नव्हती.

"आहेस ना?" तो म्हणाला. "हे बघ, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी बाहेरून पहिली गोष्ट काय सांगतो माहितीये? उड्या मारू नका. दुसरं काही नाही. तू आता उड्या मारू नकोस. खाली ये तेव्हा सावकाश ये."

"मी खाली नाहीये, वर आहे. शिखरावर. फोन करायला आले."

"फोन करायला डोंगर चढलीस?"

"हो."

"अगं ए," तो बायकोला म्हणाला, "ही फोन करायला डोंगर चढली." मग परत फोनमध्ये, जरा वेगळ्या आवाजात, "बाबा उठलेत. देऊ?"

बाबांचा श्वास ऐकू आला. फोन त्यांच्या कानाला लागला की हनुवटीला, कळत नव्हतं.

"बाबा, मी आहे."

शब्द यायला वेळ लागला. तिला माहीत होतं, मध्ये बोलायचं नाही. वारा फोनमध्ये शिरत होता, तिने हाताची ओंजळ केली.

"बसायला," बाबा म्हणाले. थांबले. "मिळालं?"

तिने आजूबाजूला पाहिलं. चौथरा, दगड, ढगाच्या खाली एक पिवळा पट्टा आणि त्यात दूरवरच्या तीन डोंगरांच्या कडा. मास्तर पाठ करून उभा, सिस्टर बूट काढून पाय वाऱ्याला लावून बसलेली.

"मिळालं, बाबा," ती म्हणाली. "खिडकीजवळ."

रेघ गेली आणि कॉल तुटला.

ती रडेल म्हणून सिस्टरने कोटाच्या खिशातून रुमाल काढला होता, पण ती रडली नाही. तेवढी ताकद नव्हती. ती म्हणाली, "आठची सकाळची गोळी. उद्या. मी उद्या पहाटे परत वर येऊन फोन करणार. आठच्या आत. दादाला आठवण करायला."

"बरं," सिस्टर म्हणाली.

"साडेपाचचा गजर लावते. साडेपाचला निघाले तर पावणेआठपर्यंत पोचते."

"बरं म्हटलं ना. ऊठ आता. उजेड आहे तोवर उतरू."

उतरताना तिला फारसं कळलं नाही. मास्तर पुढे, ती मध्ये, सिस्टर मागे. दोनदा ती बसली आणि दोन्ही वेळा सिस्टरने काखेत हात घालून तिला उभं केलं, रोग्याला करतात तसं, न बोलता. शेवटच्या उतारावर मास्तरने बॅटरी लावली. खिंडीत पोचल्यावर त्याने सूप उकळलं. ती अर्धा पेला प्यायली आणि उरलेला तिने खाली ठेवला. मग तंबूत जाऊन तिने फोनमध्ये गजर लावला, तो बरोबर लागलाय ना हे दोनदा तपासलं, आणि बूट न काढताच झोपायच्या पिशवीत शिरायला लागली. सिस्टरने तिचे बूट ओढून काढले.

"उद्या आठ," ती म्हणाली.

"आठ म्हणजे आठ," सिस्टर म्हणाली. पण ते ऐकायला ती जागी नव्हती. सिस्टरने सवयीने घड्याळ पाहिलं. सात पन्नास.

साडेपाचला गजर वाजला. पिशवीतून एक हात बाहेर आला, चाचपडत फोनपर्यंत गेला. मास्तर आणि सिस्टर अंधारात तसेच पडून बघत होते. हाताने गजर बंद केला. मग तो थोडा वेळ फोनवर तसाच राहिला, बोटं सरळ, आणि मग पिशवीत परत गेला.

सहा वाजता मास्तर बाहेर आला. त्याने शिखराकडे पाहिलं, मग आपल्या पोटऱ्यांकडे पाहिलं, आणि चहा ठेवला. सात वाजता ऊन भिंतीवर आलं. सिस्टर टाच धुऊन, तिच्यावर शर्टाची फाडलेली बाही बांधून बसली होती. पावणेआठला मास्तर हळूच म्हणाला, "उठवायचं का?" सिस्टरने मान हलवली. आठ वाजले. दोघांनीही आपापल्या घड्याळात आठ वाजलेले पाहिले आणि एकमेकांकडे पाहिलं नाही. साडेआठला मास्तरने सामान बांधायला घेतलं, एवढ्या जपून की भांड्याला भांडं लागू दिलं नाही. नऊच्या सुमाराला ऊन तंबूवर आलं आणि कापड तापलं.

मग तंबूची चेन उघडली. चिमटी गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. गालावर पिशवीच्या शिवणीचा वळ, केसांचं पार घरटं. उन्हाकडे बघून तिने डोळे बारीक केले.

"किती वाजले?"

"नऊ पंचवीस," मास्तर म्हणाला.

ती उभी राहिली नाही. तिथेच गवतावर मांडी घालून बसली. मास्तरने तिच्या हातात चहाचा पेला दिला, तो तिने दोन्ही हातांनी धरला. शिखराकडे पाहिलं. ढग नव्हते. मग तिने झऱ्याकडे पाहिलं, मग पेल्यात.

"मी किती झोपले?" तिने विचारलं.

सिस्टरने बोटांवर मोजलं, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजलं.

"तेरा तास पस्तीस मिनिटं," ती म्हणाली.